आठ-दहा हजारांत डब्यांचा धंदा: आधी पैसे कधी घेणार ते ठरवा

घरगुती डब्यांचा धंदा आठ-दहा हजारांत उभा राहतो. मी नाशिकच्या सिडकोत राहते, माझे डबे अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत जातात. नव्याने सुरू करणाऱ्या बायका, हल्ली मुलंसुद्धा, विचारायला येतात. कोणी मेनूबद्दल विचारतं, कोणी नाव काय ठेवू म्हणून. मी उलट विचारते, गिऱ्हाइकाकडून पैसे कधी घेणार?

हिशेबच मांडते. 60 रुपयांचा डबा धरा. चार पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात. किराणा आणि भाजीचे 32 रुपये, गॅसचे 6, पोचवण्याचे 7. खर्च 45, उरले 15. वीस डबे असतील तर रोज 900 रुपये घरातून बाहेर पडतात. पैसे महिनाअखेरीस घ्यायचं कबूल केलंत, तर 26 दिवसांत 23,400 रुपये अडकले. इतके असते तर तुम्ही माझ्याकडे आलाच नसता! आता आठवड्याचे पैसे आगाऊ घेऊन बघा. सहा दिवसांचे 7,200 हातात येतात, खर्च होतो 5,400. किराणा गिऱ्हाइकाच्याच पैशातून भरला जातो आणि तुमची पुंजी भांड्यांपुरती लागते.

माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांची सुट्टी शनिवारी असते. शुक्रवारचा डबा देतानाच पुढच्या आठवड्याचे पैसे घ्यायचे आणि शनिवारी त्यातून बाजार करायचा, अशी घडी बसली आहे. पगार साधारण दहा तारखेच्या आत होतात, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणीतरी म्हणतंच, "ताई, दोन दिवस थांबा." दोन दिवस थांबते. पुढच्या शुक्रवारपर्यंत मात्र नाही, मग डबा बंद.

आगाऊ पैसे मागायची लाज वाटते, ही सगळ्यांची अडचण. विशेषतः ओळखीतल्या, गल्लीतल्या लोकांकडे. त्यावर एक सोपी वाट आहे: पहिले तीन-चार दिवस रोजच्या रोज पैसे घ्या. चव पटली की माणूस स्वतःच म्हणतो, आठवड्याचे घेऊन टाका, रोज सुट्टे कुठून आणू. यूपीआयचा क्यूआर कोड वेगळ्या बचत खात्याचा ठेवा. घरातल्या खात्यात पैसे आले की ते दुधाला, रिक्षाला, मुलांच्या वह्यांना कधी जातात कळत नाही.

मोठ्या ऑर्डरचा मोह इथेच ओळखावा. एका कारखान्यातून रोज 60 डब्यांचं विचारणं आलं होतं, बिल 45 दिवसांनी. घरात सगळे खूश. सासूबाईंनी वहीवर आकडा मांडला: पहिलं बिल हातात येईपर्यंत लाखाच्या वर घालावे लागणार. नाही म्हटलं. उद्यम नोंदणी (म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंद) असलेल्या लहान उद्योगाला खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत, असा कायदा आहे, पण आमचा डाळवाला 45 दिवस थांबत नाही.

भांडी थोडक्यात सांगते. मोठी पातेली, परात, तवा एवढं भांडी बाजारातून घ्या, बाकी घरातलं चालतं. डबे विकत घेऊ नका. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून त्याचेच दोन डबे घ्यायचे, एक जातो तेव्हा दुसरा परत येतो. फ्रीज, कणीक मळायचं यंत्र, छापील पिशव्या हे सगळं पन्नास डब्यांनंतर.

गॅसचे 6 रुपये मी मुद्दाम धरलेत. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. पुष्कळ जणी घरगुतीवरच चालवतात, मला ठाऊक आहे. पण भाव ठरवताना व्यावसायिकचाच धरा, नाहीतर नियमाने वागायला लागाल त्या दिवशी नफा आटेल.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार लागतं. त्यासाठी हजार-पंधराशे मागणारी संकेतस्थळं खासगी असतात. अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी हवीच. मी 2021 मध्ये केली तेव्हा वर्षाची फी 100 रुपये होती. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने घेऊ नका. खात्यात दर शुक्रवारची जमा दिसू लागली की बँकेतलं बोलणंही वेगळं होतं, आणि नेमके किती हवेत हे तोवर तुम्हालाही कळलेलं असतं.

किराण्याचा साठा करायचा नाही, आठवड्याचाच भरायचा. अपवाद कांद्याचा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा येतो तो टिकाऊ असतो, हवेशीर जागा असेल तर एक गोणी घेऊन ठेवावी. दिवाळीच्या सुमारास भाव चढला की आमटीतला कांदा कमी करायची वेळ येत नाही. गिऱ्हाइकाला ते पहिल्या घासाला कळतं. टोमॅटोचं मात्र उलट, स्वस्त आहे म्हणून क्रेट उचलला की चौथ्या दिवशी अर्धा फेकायचा.

वीस डब्यांवर दिवसाला 300 रुपये सुटतात, आणि त्यात तुमची सकाळी पाचपासूनची मेहनतही धरलेली आहे. हे आधीच ऐकून ठेवा. चाळीसपर्यंत एकटीला जमतं. त्यापुढे पोळ्यांना बाई लागते आणि तिचा पगार निघायला डबे पन्नासच्या पुढे जावे लागतात. मधल्या दहा डब्यांत जीव मेटाकुटीला येतो, पैसा वाढत नाही. म्हणून चाळिसावर पोचल्यावर नवीन गिऱ्हाईक सुटंसुटं घेऊ नका. नावं लिहून ठेवा, आणि दहा-बारा जमले की बाई लावून एकदमच सुरू करा.

सध्या जो तो 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं विचारतो. पंचवटीत स्टॉल टाकू का, भाविकांना डबे देऊ का. पर्वण्यांचे दिवस मोजके, रस्ते बंद, आणि रोजचं गिऱ्हाईकही त्याच रस्त्यांवर अडकलेलं. ज्यांचा धंदा आधीपासून नीट चालू आहे त्यांनी चार पैसे जरूर कमवावेत. नव्याने सुरू करणाऱ्याने मात्र अंबडच्या एखाद्या गेटवर दुपारी साडेबारा वाजता उभं राहून किती जण बाहेर जेवायला निघतात ते बघावं, आणि त्यांतल्या पाच जणांना उद्याचा डबा विचारावा.