मृगाच्या आधी गादीवाफे उरकून घ्या

रोहिणी लागली की जो तो विचारतो, यंदा भाजीचं बी कुठलं लावू. बियाण्याचं नंतर बघा हो, आधी वाफे करा. मृग 7 जूनच्या आसपास निघतो, आणि आमच्या कराडकडची काळी माती एकदा भिजली की खोऱ्याला चिकटून बसते, त्यात पाय दिला की दबते आणि वाळल्यावर नुसती ढेकळं. गादीवाफा उंच करायचा तो पाणी निघून जावं म्हणूनच, नाहीतर मुळं पाण्यात बसून सडतात.

रुंदी तीन-साडेतीन फूट बास. मी पहिल्या वर्षी हौसेनं सहा फुटी केला, मधली भेंडी तोडायला आत शिरावं लागायचं, तुडवून तुडवून सगळी माती घट्ट झाली. उंची नऊ इंच ते फूटभर, दोन वाफ्यांत दीड फुटाची चर आणि तिला उतार हवाच. कडेला विटा, दगड, बांबू काय असेल ते चालेल, फक्त जुने सिमेंटचे पत्रे लावू नका, त्यात ॲसबेस्टॉस असतं.

तळाला पाचट नाहीतर वाळका पाला, वर दोन घमेली माती अन् एक घमेलं शेणखत असं मिसळून भरायचं. खत मात्र पूर्ण कुजलेलंच. मूठभर घेऊन बघा, चहाच्या पावडरीसारखं मोकळं पाहिजे, शेणाचा वास नको, आत हात घातला तर गरम लागायला नको. मागं मी घाईत एकाकडून ट्रॉलीभर अर्धकच्चं आणलं, महिन्याभरात मिरच्या दुपारच्या माना टाकायला लागल्या, एक रोप धरलं तर अलगद हातात आलं, खाली मुळंच नाहीत आणि मातीत अंगठ्याएवढी जाड हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वेटोळं करून बसलेली! चांगल्या खतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोग आणणाऱ्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिसळून आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवलं तर रोपं कोलमडायची कमी होतात.

गवार, भेंडी, चवळी थेट टोका, दोडका-कारलं कडेला म्हणजे मांडवावर चढवता येतं, मधेमधे झेंडू लावा, सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारा बारीक जंत, कमी राहतो. मेथी-कोथिंबिरीची घाई नको, पावसाच्या माऱ्यात ती आडवी पडून सडते.

जीवामृत, म्हणजे झाडांना घालायचं आंबवलेलं शेण-गोमूत्राचं पाणी, घरापुरतं करायचं तर 20 लिटर पाण्यात किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. निंबोळ्या पडायला लागल्या की गोळा करून वाळवून ठेवा, मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आली की लिटरला 50 ग्रॅम कुटून रात्रभर भिजवून गाळून फवारता येतात.

गोगलगायींसाठी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट चरीत टाका, सकाळी उचललं की खाली चिकटलेल्या सापडतात, मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

आणि चरीत पाणी साठतंच म्हणून वैतागू नका, तिच्या खालच्या टोकाला अळूचे दोन कंद लावून द्या.