स्लॅबवरचा आकडा आणि नाण्याचा भाव

ग्रेडिंगला, म्हणजे तिऱ्हाईत कंपनीकडून दर्जा ठरवून घ्यायला, पहिल्यांदा नाणी पाठवली तेव्हा मी पाच मॉर्गन डॉलर (अमेरिकेची जुनी चांदीची नाणी) निवडले होते आणि पाठवण्याआधीच हिशेब मांडून ठेवला होता. पाचही एमएस ६५ (एमएस म्हणजे कोरं, न वापरलेलं नाणं; ६५ हा ७० पैकी दर्जा) येणार, मग अमुक इतका भाव मिळणार. निकाल आला तो असा: एक ६५, दोन ६४, एक ६३. पाचवं मला सगळ्यांत देखणं वाटत होतं, त्याला आकडाच मिळाला नाही. लेबलवर नुसतं 'डिटेल्स', पुढे 'क्लीन्ड'. कधीतरी कुणीतरी घासून चकचकीत केलेलं नाणं मी हौसेने घेतलं होतं. शुल्क, टपाल आणि विमा धरला तर सगळा व्यवहार तोट्यात गेला.

त्या तोट्याचं कारण मला कळायला बराच वेळ लागला. आकडा कमी आला हे कारण नव्हतंच. पाचही ६५ आली असती तरी हाती फारसं लागलं नसतं.

थोडं मागे जाऊ. तिऱ्हाईत कंपन्या नव्हत्या तेव्हा नाण्याचा दर्जा विकणाराच ठरवायचा. विकताना 'अगदी कोरं', तेच नाणं परत घेताना 'जरा झिजलंय हो'. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांनी काम सुरू केलं. नाणं तपासायचं, १ ते ७० मधला आकडा द्यायचा आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद करायचं. नाणं हातात न घेता, कधी छायाचित्रही न बघता व्यवहार होऊ लागले. वॉल स्ट्रीटवरच्या मोठ्या कंपन्यांनी तर नाण्यांचे फंड काढले. भाव भराभर चढले, १९८९ मध्ये टोकाला गेले आणि मग कोसळले. नाणी तीच होती, स्लॅबही तेच होते, आकडेही तेच होते. भाव मात्र राहिला नाही.

या ७० च्या मोजपट्टीचा जन्मच भावातून झाला आहे. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली. कल्पना सरळ होती: जेमतेम ओळखू येणाऱ्या १ दर्जाच्या नाण्याला जो भाव, त्याच्या ७० पट भाव ७० दर्जाच्या नाण्याला. हे गणित काही वर्षांतच मोडलं, मोजपट्टी मात्र टिकली. (जाता जाता: याच गृहस्थांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्या जागी स्वतःचे हलक्या दर्जाचे सेंट ठेवले होते, हे त्यांच्या पश्चात उघड झालं. दर्जाची पारख त्यांना होती एवढं नक्की.)

आज भाव आकड्याच्या प्रमाणात चढत नाही. बराच काळ तो सपाट चालतो आणि मग एका जागी उडी मारतो. ती जागा प्रत्येक नाण्याची वेगळी. नवख्याने बाकी काही शिकण्याआधी हे शिकावं असं माझं मत आहे. मॉर्गन डॉलरचीच तीन उदाहरणं घेऊ.

सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचा १८८१ चा डॉलर. सव्वा कोटीच्या वर पाडला गेला, ठसा सुरेख, कोरी नाणी ढिगाने शिल्लक. इथे ६३ आणि ६४ मधला फरक किरकोळ, ६५ ला थोडा अधिक. खरी उडी ६७ ला आणि त्याहून मोठी ६८ ला. माझी पाचही नाणी याच जातीची होती. म्हणजे मी सपाटीवर उभा राहून चढाचा हिशेब करत होतो.

त्याच टाकसाळीचा १८८४ चा डॉलर. झिजलेला सहज मिळतो, कोरा जवळजवळ मिळत नाही. इथे उडी एयू ५८ (अगदी जेमतेम झिजलेलं) आणि एमएस ६० यांच्या मधोमध आहे. नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालाच्या उंचवट्यावर किंचित झीज आहे की नाही, एवढ्यावर भाव कित्येक पटींनी बदलतो. गंमत म्हणजे छान झळाळीचं ५८ हे ओरखड्यांनी भरलेल्या ६० पेक्षा डोळ्यांना जास्त सुखावतं, तरी पैसे ६० ला मोजले जातात.

तिसरा १८९३ चा, पुन्हा तीच टाकसाळ. फक्त एक लाख नाणी. इथे तर अगदी झिजलेलं नाणंसुद्धा तपासून घ्यावं लागतं, कारण दुसऱ्या टाकसाळीच्या डॉलरवर 'एस' हे अक्षर चिकटवून बनवाबनवी होते. या नाण्याच्या स्लॅबसाठी आपण जे जादा मोजतो ते आकड्यासाठी नव्हे, अस्सलपणाच्या हमीसाठी. शुल्क वसूल होणारच अशी ही जागा.

आकडा हे मत असतं. दोन-तीन तज्ज्ञांनी ठरावीक उजेडात, थोड्या वेळात दिलेलं. बाजार मात्र त्याला वजनकाट्यासारखं वागवतो. उडीच्या काठावरची नाणी लोक डबी फोडून पुन्हापुन्हा पाठवतात ते यामुळेच. चार वेळा ६४ आणि पाचव्यांदा ६५ आलं की पाचवं मत भाव ठरवतं. कंपन्या कोणत्या दर्जाची किती नाणी पाहिली याची मोजणी प्रसिद्ध करतात. त्यात हे एकच नाणं पाच नाणी म्हणून राहू शकतं. उलट बाजूही आहे. 'या दर्जाची फक्त तीन' म्हणून चढ्या भावाने घेतलेलं नाणं पुढे तिसांतलं एक होतं, कारण तशीच नाणी इतरांच्या कपाटांतून निघत राहतात. आत्ताच्या वर्षांतल्या ७० ग्रेडच्या नाण्यांपासून मी म्हणूनच लांब राहतो. टाकसाळीतून थेट ग्रेडिंगला गेलेल्या नाण्यांत ७० ही फार मोठी दुर्मीळ गोष्ट नाही.

एकाच आकड्यातही डावं-उजवं असतं. एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी ही कंपनी सुरू केली ती त्यासाठीच. आधीच ग्रेड झालेलं नाणं बघायचं आणि त्या दर्जात ते भक्कम असेल तर स्लॅबवर हिरवं स्टिकर लावायचं, आकड्याहून सरस वाटलं तर सोनेरी. तिऱ्हाइतावर आणखी एक तिऱ्हाईत! हसू येतं, पण स्टिकरवाल्या नाण्याला बोली जास्त लागते हे लिलावात दिसतं.

पाठवण्याआधी मी आता दोनच गोष्टी बघतो. माझ्या अंदाजापेक्षा एक पायरी खाली आकडा आला तरी शुल्क निघेल का? न निघाल्यास नाणं पाकिटातच राहतं. आणि दुसरी, झळाळी जिवंत आहे का. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून नाणं कडेने धरायचं आणि हळूहळू कलवायचं. कोऱ्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेल्यावर सगळीकडे सारखी चमक येते, फिरत काहीच नाही. भिंगातून बघितलं तर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. ते पाचवं नाणं मी आजही यासाठीच ठेवलंय.

स्लॅबमधलं नाणं घेताना लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथलं छायाचित्र समोरच्या नाण्याशी जुळवा. क्रमांक बरोबर असणं पुरेसं नाही, कारण नकली स्लॅबवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो.

सरावासाठी मी लेबलवर कागदाची पट्टी चिकटवतो, दर्जा वहीत लिहितो आणि मग पट्टी काढतो. दुसऱ्यांच्या नाण्यांवर माझा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. स्वतःच्या नाण्यांवर अजूनही एकाने जास्त.