परत मागवलेली भाजी आपल्या दुकानात आली होती का? तपासताना या चुका टाळा

सोसायटीच्या ग्रुपवर बातमी येते : अमुक मशरूम, तमुक सॅलडची पानं दूषित निघाल्याने कंपनीने बाजारातून परत मागवलीत. आपण घाईने फ्रिज उघडतो. भाजी डब्यात असते, पाकीट मात्र कालच कचऱ्याच्या गाडीत गेलेलं असतं. सगळ्यात मोठी चूक हीच. लॉट किंवा बॅच नंबर (एकत्र पॅक झालेल्या मालाचा क्रमांक), पॅकिंगची तारीख, आयातदार, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक हे सगळं त्या पाकिटावर होतं. भाजी संपेपर्यंत पाकीट ठेवा, निदान मागच्या बाजूचा फोटो तरी काढा. बिलही जपा.

नुसतं ब्रँडचं नाव बघून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. बहुतेक वेळा ठरावीक लॉटच परत मागवतात, त्यामुळे नंबर आकड्यागणिक जुळवा. सफरचंद-किवीवरच्या स्टिकरचा चार आकडी कोड म्हणजे लॉट नंबर नव्हे. तो फळाचा प्रकार सांगतो.

बातमी परदेशातली असेल तर मूळ देश बघा. २०२० साली कोरियातून आलेले एनोकी मशरूम लिस्टेरिया या आजार पसरवणाऱ्या जंतूमुळे अमेरिकेत परत मागवले होते. अशा वेळी आपल्या पाकिटावरचा देश आणि आयातदार आधी वाचायचा.

सुट्या भाजीचं काम अवघड. नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात ठिकठिकाणचा माल उतरतो, तिथून तो दादरला, मग आपल्या नाक्यावर. जुडीवर कसला आलाय लॉट नंबर? भाजीवाल्याला "ताजी आहे ना?" विचारलं तर "सकाळचीच आहे ताई" एवढंच कळतं. त्याऐवजी विचारा : "दादा, हा माल कुठल्या गाळ्यावरून, कधी उचललात?" आवाज चढवू नका. परत मागवल्याची खबर त्याच्यापर्यंत पोचलेली नसते, आणि फटका त्यालाही बसतो.

"धुतली की झालं" हे तर मनातून काढूनच टाका. धुतल्याने सगळे जंतू जात नाहीत, दूषित भाजीला वास येतोच असं नाही, आणि लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बाई किंवा आजी-आजोबा घरात असतील तर चवही घेऊ नका. लॉट जुळला तर भाजी पिशवीत घट्ट बांधून वेगळी ठेवा, डबा आणि फ्रिजचा कप्पा साबणाने धुवा, दुकानदाराला पाकीट आणि बिल दाखवा. त्याने हात झटकले तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक आहे : १८००-२२२-३६५. फोन लावताना पाकीट हातात असू द्या.