घरी शिकणाऱ्या पोरांना मोठ्या चित्रकारांची ओळख, रंगवायच्या पानांमधून

बरेच आईबाबा नेटवरून फेमस पेंटिंगची कलरिंग पेजेस एका दमात गठ्ठाभर प्रिंट करतात, पोरं ती दोन दिवसांत खडू घासून उरकतात आणि नंतर चित्र कुणाचं होतं विचारलं तर नुसती बघत बसतात. पान रंगवायच्या आधी चित्र नीट बघायला हवं ना, म्हणून आठवड्याला एकच चित्र घ्या, जास्त नको.

सुरुवात होकुसाईच्या मोठ्या लाटेपासून करा. साधारण 1831 चं जपानी चित्र, लाकडी ठशांनी छापलेलं, त्यामुळे रेषा स्वच्छ आणि रंग मोजकेच. आणि आपल्या गोव्यात मिरामार नाहीतर कोलव्याच्या किनाऱ्यावर लाटेत भिजलेल्या पोराला समुद्र समजावून सांगावा लागत नाही. मूळ छाप ए-थ्री कागदापेक्षा थोडा लहानच आहे, म्हणजे झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर काढून घेतलं की जवळपास खऱ्या मापाचं चित्र हातात.

आधी रंगीत चित्र समोर ठेवा आणि तुम्ही गप्प बसा (हेच सगळ्यात कठीण). मग विचारा, होड्या किती? माणसं कुठायत? डोंगर दिसला का? होड्या तीन आहेत, त्यात माणसं वाकून बसलीयत, आणि मागचा फुजी डोंगर इतका छोटा की पोरांना तीही एक लाटच वाटते. फेसाची टोकं बघून कोणीतरी "आई, हिला नखं आहेत" म्हणतंच. मग चित्र झाकायचं आणि पान द्यायचं, रंग त्यांच्या मनाचे, गुलाबी लाट झाली तर होऊ दे. झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवायचे, खऱ्या गप्पा तेव्हा सुरू होतात. त्यातला गडद निळा, प्रशियन ब्लू, तेव्हा जपानात नवीन होता, बाहेरून आलेला, हे तेव्हा सांगा, आधी नको.

व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीची तयार पानं मला अजिबात आवडत नाहीत. आकाश कोरं सोडतात, आणि त्या चित्रात आहे काय तर आकाशातले फटकारेच! त्यापेक्षा स्वतः पान बनवा, चित्राच्या प्रिंटवर बटर पेपर ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवा, डोंगर, झाड, घरं जाड मार्करने काढा, आकाशात फक्त तुटक वळणदार रेषा द्या आणि पोरांना सांगा, भरायचं नाही, छोट्या छोट्या रेघा मारायच्या. 1889 मध्ये फ्रान्समधल्या एका मनोरुग्णालयात राहताना त्याने हे केलं, खिडकीतून दिसणारं आकाश, पण रंगवलं दिवसा, आठवणीतून. म्हणजे चित्र झाकून रंगवायला बसणारी पोरं त्याच्यासारखंच करतायत.

चार वर्षांच्या आतल्यांना मोंद्रियान द्या, चौकोनांची चित्रं काढणारा डच चित्रकार. काळ्या रेषांचे चौकोन पट्टीने तुम्हीच आखा, लाल, निळा, पिवळा एवढेच खडू, आणि बरेच चौकोन पांढरे ठेवायची अट. कुठला चौकोन लाल करायचा यावर जो खल होतो तो ऐकण्यासारखा असतो.

आता आपल्याकडचं. पणजी मार्केटला भाजीला जाताच, तिथली व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं दाखवा, गर्दीतला एकच माणूस निवडून घरी येऊन काढायला सांगा. चित्रकार एफ. एन. सूझाही आपल्या साळगावचे खरे, पण त्यांची बरीचशी चित्रं पोरं मोठी झाल्यावरच.

कावी कला मात्र सोडू नका. गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर आहे, चुन्याच्या पांढऱ्यावर तांबडा थर देऊन तो ओला असतानाच खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा उमटतो. घरी करायला पांढरा क्रेयॉन कागदावर दाबून फासा, वरून गेरूच्या रंगाचा पोस्टर कलर, त्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब, नाहीतर मेणावर रंग धरत नाही, वाळला की टूथपिकने वेली, मोर कोरायचे. खाली पेपर अंथरा, लाल भुगा सगळीकडे होतो.

कागदाचं म्हणाल तर साध्या झेरॉक्स कागदावर फक्त क्रेयॉन, वॉटरकलरला कार्ट्रिज शीट, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद. पावसात आपल्याकडे कागद दमट होऊन क्रेयॉन नीट लागत नाही, म्हणून कोरी पानं आणि झालेली चित्रं दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी धरलीच म्हणून समजा.