कॉलेज सुरू होण्याआधीचा रविवार: रस्ता पायाखालून घाला

सोमवारी पहिलं लेक्चर असेल, तर रविवारी एकदा घर ते कॉलेज जाऊन याच. मुंबईत लोकलने जाणार असाल, तर आधी मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा दुसऱ्या मार्गावर वळवतात तो) कुठे आहे ते बघा. मध्य आणि हार्बर मार्गावर तो बहुतेक रविवारी असतोच, आणि बहुतेकदा सकाळी अकरा ते दुपारी चारच्या आसपास. म्हणून सकाळी लवकर निघा.

समजा डोंबिवलीहून माटुंग्याच्या रुईया कॉलेजला जायचंय. माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणजे एकतर स्लो पकडा किंवा दादरला उतरून मागे या. आपल्याला कोणतं जमतं, हे आधीच करून बघितलेलं बरं. उतरल्यावर जिना डब्याच्या कोणत्या बाजूला येतो, पूर्वेला कुठून बाहेर पडायचं, गेटपर्यंत चालत किती मिनिटं लागतात, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. रविवारी गाड्या कमी आणि गर्दीही वेगळी, त्यामुळे लागलेल्या वेळेत सोमवारसाठी निदान अर्धा तास वाढवून धरा.

विद्यार्थी सवलतीच्या पासाचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातूनच घ्यावा लागतो, तोवर रोजचं तिकीट काढा. आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, फीची पावती रात्रीच बॅगेत टाका. जून-जुलै असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत.