पेजच्या दोन्ही कडांना सावली कशी द्यायची, आणि ती मध्येच का तुटते

नाशकात आत्ता ज्याला त्याला वेबसाइट पाहिजे. पंचवटीतले लॉजवाले २०२७ च्या सिंहस्थाचं बुकिंग डोळ्यासमोर ठेवून मागतायत, येवल्याचे पैठणीवाले मागतायत, द्राक्ष बागायतदार मागतायत, आणि बऱ्याच जणांचं डिझाइन साधारण एकच असतं, मागे हलका रंग आणि मधोमध मजकुराचा पांढरा पट्टा. तो पट्टा नुसता ठेवला की सपाट दिसतो, कडांना थोडी सावली दिली की छान उठून येतो. त्यासाठी काय करायचं ते सांगतो (सगळं काम सीएसएसमध्ये, म्हणजे पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये होतं; त्यातल्या प्रॉपर्टीची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, कोडमध्ये सगळं इंग्रजी अक्षर-अंकांतच टाइप करा).

पूर्वी फोटोशॉपमध्ये सावलीची बारीक पट्टी कापायची आणि ती बॅकग्राउंडला उभी रिपीट करायची, असं चालायचं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला अर्धपारदर्शक पीएनजी इमेज धड दाखवता यायची नाही म्हणून मागचा रंग पट्टीतच भरावा लागायचा, रंग बदलला की पट्टी परत बनवा. २०११ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ९ पासून तिथेही बॉक्स-शॅडो (कोडनेच सावली देणारी प्रॉपर्टी) चालायला लागलं, त्यामुळे आता इमेजच्या भानगडीत पडूच नका.

बॉक्स-शॅडोला क्रमाने पाच गोष्टी द्यायच्या: सावली आडवी किती सरकवायची, उभी किती, ब्लर (कडेचा धूसरपणा) किती, स्प्रेड (सावली डब्यापेक्षा किती मोठी किंवा लहान) किती आणि रंग. मेन रॅपरला, म्हणजे त्या पांढऱ्या पट्ट्याच्या डब्याला, ०, ०, २० पिक्सेल, ० आणि काळा रंग ०.३ अल्फाने (अल्फा म्हणजे रंग किती गडद, ० ते १) द्या, चारी बाजूंनी सावली येईल. बॉडीचं, म्हणजे अख्ख्या पेजचं, मार्जिन शून्य केलं असेल तर वरची-खालची सावली स्क्रीनच्या बाहेर जाते आणि दिसतात फक्त दोन कडा, म्हणजे साध्या साइटचं काम इथेच झालं. एक लक्षात ठेवा, ब्लर कडेच्या आत आणि बाहेर सारखाच पसरतो, म्हणून अगदी कडेवर सावली तुम्ही मागितलेल्याच्या निम्मीच गडद दिसते. ०.३ मागितलं तर डोळ्याला ०.१५ मिळतं. सावली फिकी वाटली की लोक ब्लर वाढवत सुटतात, त्याने ती अजून पातळ होते, वाढवायचा तो अल्फा.

आता पट्टा वरून थोडा खाली असेल आणि तरी सावली फक्त डाव्या-उजव्या बाजूलाच पाहिजे असेल तर निगेटिव्ह स्प्रेड वापरायचा, आणि माझ्या मते या सगळ्यात नीट समजून घ्यायची गोष्ट हीच. उजवीकडे १२ पिक्सेल सरकवा, उभं ०, ब्लर १२, स्प्रेड उणे १२. स्प्रेडने सावलीचा चौकोन चारी बाजूंनी १२ ने आत ओढला, ब्लरने तो परत १२ ने बाहेर आला, म्हणजे वर-खाली हिशोब शून्य, आणि सरकवल्यामुळे उजवीकडे मात्र १२ उरले. मग स्वल्पविराम देऊन तेच परत लिहा, फक्त पहिला आकडा उणे १२. झाल्या दोन्ही कडा. टोकांना सावली निमुळती होते, ती अगदी वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी असेल तर रॅपरच्या बिफोर आणि आफ्टरला (कोडनेच डब्याला जोडता येणारे दोन जादा तुकडे) १२ पिक्सेल रुंदीचा लिनिअर ग्रेडियंट (फिका होत जाणारा रंग) देऊन कडेबाहेर बसवा, पण तेव्हा जपून, बॉक्स-शॅडोमुळे आडवा स्क्रोल कधीच येत नाही, या पट्ट्यांमुळे अरुंद स्क्रीनवर येऊ शकतो.

सावली अर्ध्या पानावर तुटते ही तक्रार सगळ्यात जास्त. बहुतेक वेळा रॅपरला हाइट १०० टक्के किंवा १०० व्हीएच (म्हणजे स्क्रीनच्या उंचीइतकी) दिलेली असते, मजकूर त्याच्यापेक्षा लांब जातो पण डबा तेवढाच राहतो, आणि सावली डब्याची असते, मजकुराची नाही. हाइट काढून मिन-हाइट १०० व्हीएच करा, सुटला प्रश्न. सावली अजिबातच दिसत नसेल तर रॅपर ज्याच्या आत आहे त्या एखाद्या डिव्हला (डब्याला) ओव्हरफ्लो हिडन आहे का बघा, त्याने बाहेर जाणारं सगळं कापलं जातं. हेडरची सावली खालच्या बॅनरखाली दडपली जात असेल तर हेडरला पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स १ द्या, म्हणजे तो बॅनरच्या वर येईल.

रंगाबद्दल, मागे क्रीम किंवा फिकट हिरवं असेल तर शुद्ध काळी सावली मळकट दिसते, त्याच रंगाची खूप गडद छटा घ्या. आणि पिंपळगावच्या मार्केट यार्डात भर उन्हात कोणी टॅबलेटवर साइट उघडली तर ०.१५ ची सावली त्याला दिसणार नाहीच, तेव्हा टॅबलेट किंवा मोठ्या स्क्रीनसाठी सावलीसोबत १ पिक्सेलची फिकट बॉर्डरही ठेवा म्हणजे कड हरवत नाही. फोनवर मात्र पट्टा पूर्ण रुंदी व्यापतो, तिथे कडाच उरत नाही, म्हणून मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लावायची सोय) ७६८ पिक्सेलच्या खाली बॉक्स-शॅडो आणि बॉर्डर दोन्ही नन, म्हणजे बंद, करून टाका. प्रिंटसाठीही तेच, लॉजच्या बुकिंगची पावती लोक अजून छापून नेतात.