तिच्यासोबत जाताय? लैंगिक अत्याचारानंतर दवाखाना, पोलीस, कोर्ट, काय आणि कसं करायचं

हे मी तिच्यासाठी नाही, तिच्यासोबत जाणाऱ्यासाठी लिहितेय. मैत्रीण, बहीण, जाऊ, शेजारच्या काकू, आशाताई, कुणीही. जिच्यावर हे झालंय ती त्या दिवशी कायदा वाचत बसणार नाहीये, आणि आपल्या सातारा-सांगलीकडं घरात असं काही कळलं की पहिले दोन दिवस भावकी बसवण्यातच जातात, कोणतरी मामा येतो, कोणतरी पुढारी येतो, "पोरीचं लग्न व्हायचंय, कशाला बोभाटा, मिटवून टाका की" सुरू होतं, आणि पुराव्याचे दिवस नेमके तेच असतात. बलात्कार हा कायद्याने आपसात मिटवता येण्यासारखा गुन्हाच नाही, त्यामुळे गावकीत बसून लिहून घेतलेल्या कागदानं केस बंद होत नाही. एवढं त्या मामांना शांतपणे सांगा आणि निघा.

निघण्याआधी एकच गोष्ट बघा. तपासणी होईपर्यंत शक्यतो अंघोळ नको, कपडे धुवायला टाकायचे नाहीत. अंगावरचे कपडे बदलले असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत नाहीतर वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, ओलावा राहतो आणि डाग खराब होतात. अंघोळ झाली असली तरी जायचंच, "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका. आणि मोबाईलमधलं काही डिलीट करायचं नाही, त्याचे मेसेज बघून कितीही संताप आला तरी.

आधी दवाखाना की आधी पोलीस?

कुठूनही सुरुवात करता येते. मला विचाराल तर आधी दवाखाना. "पोलिसांचं पत्र आणा मग बघू" असं कुठल्याच हॉस्पिटलला म्हणता येत नाही, सरकारी असो नाहीतर खाजगी, प्रथमोपचार आणि उपचार ताबडतोब आणि फुकट द्यायचे हा नियम आहे आणि नाकारलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सिव्हिल, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. जत किंवा म्हसवडकडून येणार असाल तर जिल्ह्याच्या गावाला पोचायच्या नादात वेळ घालवू नका, जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

तिथं दोन गोष्टी तुम्हीच तोंड उघडून मागा, एचआयव्ही होऊ नये म्हणूनची औषधं आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी. दोन्ही ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. पुराव्याचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोचलात तरी घ्यायला सांगा.

तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही. ती नको म्हणाली तर तसं लिहून घेतील, पण उपचार थांबवता येत नाहीत. हॉस्पिटल पोलिसांना कळवणार हे धरून चाला, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. पूर्वी जी 'टू फिंगर टेस्ट' (योनीत दोन बोटं घालून तपासणं) करायचे ती सुप्रीम कोर्टाने २०१३ साली चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं स्पष्ट सांगितलं, कुणी करायला लागलं तर सरळ नाही म्हणा. निघताना केस पेपर घ्या.

दिवस गेले तर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. त्यानंतर हायकोर्टात जावं लागतं, पण आता मुंबईला नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे तिथं बसणारं खंडपीठ, सुरू झालंय आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात येतात.

पोलीस स्टेशनला

घटना कराडला घडली आणि तुम्ही मिरजेत आहात, तरी मिरजेतच तक्रार द्या, "आमची हद्द नाही" चालत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात, पूर्वीही होतं पण १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम १७३ मध्ये लिहूनच टाकलंय. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहायची. पुढचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, आणि त्या वेळी आईवडील, जवळचं माणूस किंवा समाजसेविका सोबत बसू शकते. तेव्हा तुम्हाला "तुम्ही बाहेर थांबा" म्हणाले तर हे सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिर्याद लिहिताना आपल्याकडं लाजेपोटी ती म्हणते "त्यानं माझ्याशी वाईट केलं" आणि कागदावर तेवढंच येतं, "वाईट हेतूने हात धरला" वगैरे, आणि मग भारतीय न्याय संहितेचं कलम लागतं ७४, विनयभंगाचं, शिक्षा एक ते पाच वर्षं. त्याच संहितेत बलात्काराचं कलम ६४ आहे आणि त्यात कमीत कमी दहा वर्षं. नेमकं काय घडलं, कुठल्या अवयवाला काय केलं, हे सगळं शब्दात यायला लागतं, आणि ते सांगताना तिचा हात धरून बसायला तुम्ही पाहिजे. सही करायच्या आधी वाचून दाखवायला लावा, चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्या, घाई करू देऊ नका. उशीर झाला असेल तर का झाला तेही लिहा: धमकी होती, घरच्यांनी अडवलं, काय असेल ते. तक्रारीला मुदत नाही, महिन्यांनी गेलात तरी घ्यावीच लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

नाहीच घेतली तर? एसपी (जिल्हा पोलीस अधीक्षक) ऑफिसला लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोस्टाची पावती जपून ठेवा, त्यानंही हललं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडं. अशा गुन्ह्यात एफआयआर न घेणाऱ्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे, न्याय संहितेचं कलम १९९. हे नुसतं माहिती आहे असं दिसलं तरी बऱ्याचदा काम होतं.

ती १८ वर्षांखालची असेल (मुलगा असला तरी) तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो आणि जबाब घेणारा पोलीस वर्दीत नको. ती अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी तसा नसेल तर ॲट्रॉसिटीची कलमं लावायला सांगा, तपास डीवायएसपीकडं (पोलीस उपअधीक्षकाकडं) जातो. नवराच असेल तर मात्र कायदा अजून तोकडा आहे, सज्ञान बायकोवरचा बलात्कार बलात्कार धरत नाहीत, मला हे पटत नाही पण आहे हे असं. तिथं २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा वापरायचा, त्यात लैंगिक छळ येतो.

थोड्या दिवसात मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होतो, शक्यतो महिला मॅजिस्ट्रेटसमोर. तिथं पोलीस खोलीत नसतात, तेव्हा मोकळेपणी बोल म्हणून तिला आधीच सांगून ठेवा.

आणि हो, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव, फोटो, "अमक्याची मुलगी" काही टाकू देऊ नका, न्याय मागायच्या बॅनरवर सुद्धा नको. ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

वकील आणि पैसे

बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे इतक्या कमी लोकांना माहिती आहे की राग येतो. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, सांगलीचं कोर्ट विजयनगरला. फोनवर १५१०० लावा. तिथंच मनोधैर्य योजनेचा अर्ज द्यायचा, २ ऑक्टोबर २०१३ ची महाराष्ट्राची योजना, १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. केसचा निकाल लागायची वाट बघायची नाही, एफआयआर आणि मेडिकलचे कागद जोडून आधीच अर्ज करा. मिळालेल्या रकमेचा मोठा भाग ठेव म्हणून ठेवतात, त्यामुळे लगेच सगळं हातात येईल असं घरच्यांना सांगू नका.

कोर्टात

तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवायचं असतं, नाही कळवलं तर विचारायला जा. आरोपीने जामीन मागितला तर तिचं म्हणणं ऐकून घेतलं जावं हा तिचा हक्क आहे, वकिलाला त्या तारखेवर लक्ष ठेवायला सांगा. सुनावणी बंद दाराआड होते. तिची आधी कुणाशी मैत्री होती, कसे संबंध होते असले प्रश्न संमती ठरवायला चालत नाहीत, विचारले तर वकिलाने हरकत घ्यायची. तारखांच्या मधल्या काळात गाठून धमकावलं किंवा पैसे देऊ केले तर लगेच लेखी तक्रार, आणि कोर्टाकडं साक्षीदार संरक्षण मागता येतं.

तो सुटला, किंवा कमी कलमाखाली शिक्षा झाली, तर सरकारची वाट न बघता ती स्वतः अपील करू शकते. सेशन कोर्टाच्या निकालावरचं अपील आता कोल्हापूरलाच. निकालाची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या, अपिलाची मुदत निकालापासून मोजली जाते.